दूध तुटल्यानंतरचे पंधरा दिवस

गेल्या काही महिन्यांत विज्ञानवार्ता वाचणाऱ्या स्नेह्यांकडून मला एकाच आशयाचे संदेश येत आहेत. ओवा, हळद, लसूण यांचे अर्क पशुखाद्यात मिसळले की प्रतिजैविकांची गरज उरत नाही. दूध तोडलेल्या डुकराच्या पिल्लांची हगवण थांबते. आपल्या स्वयंपाकघरातले ज्ञान जगाने आता मान्य केले, असा त्यांचा सूर असतो. खाली एक ओळ असते : ‘तुमच्या विषयातले आहे, खरे का?’ मी पशुआहाराचा अभ्यासक. मूळचा सोलापूरकडचा, नोकरीची बहुतेक वर्षे मात्र आसाम आणि मेघालयात गेली, आणि त्यांतली बरीचशी वराहपालकांच्या अंगणांत. एका शब्दात उत्तर देणे मला जमलेले नाही. म्हणून हे दीर्घ टिपण.

मराठी वाचकाला आधी एक अवघडलेपण बाजूला ठेवावे लागेल. आपल्या बोलीत डुक्कर ही शिवी आहे, आणि गावाकडच्या आठवणीत तो उकिरड्यावरचा प्राणी. गोव्यातील वाचकांची गोष्ट थोडी वेगळी. तेथील ‘अगोंदा गोवन’ ही डुकरांची जात देशाच्या अधिकृत नोंदीत आहे. परंतु या प्राण्याचे खरे घर ईशान्येत आहे. २०१९च्या विसाव्या पशुगणनेत देशात सुमारे ९०.६ लाख डुकरे मोजली गेली. त्यांपैकी सुमारे २१ लाख एकट्या आसामात होती. झारखंड आणि मेघालय त्यानंतर येतात. या घरांत डुक्कर हा उद्योग क्वचितच असतो. ती बचत असते. दोन-तीन मादी-पिल्ले अंगणात वाढतात आणि शाळेची फी, आजारपण किंवा लग्न आले की त्यांतले एखादे विकले जाते. त्यामुळे वेतातली चार पिल्ले हगवणीने दगावली तर ते नुकसान कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही. ते मुलीच्या वसतिगृहाच्या पैशांत दिसते.

आता मूळ गोष्टीकडे. वनस्पतीजन्य पूरकांचा सगळा वाद ज्या काळाभोवती फिरतो तो काळ फार छोटा आहे : पिल्लाचे दूध तुटल्यापासूनचे साधारण पंधरा दिवस. त्याआधी आईचे दूध त्याला सांभाळते. नंतर त्याचे त्याला सांभाळता येते. मधल्या या पंधरवड्यात आतड्यात काय घडते ते समजले की ओव्याचा प्रश्न आपोआप योग्य जागी बसतो.

डुकरीण आपल्या पिल्लांना दिवसभरात वीसएक वेळा पाजते. साधारण तासाला एकदा ती आडवी होते, ठरावीक लयीत घुरघुरू लागते, पिल्ले धावत येतात, सडांना ढुसण्या देतात आणि मग दूध सुटते ते जेमतेम वीस सेकंद. जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांतच प्रत्येक पिल्लाचा सड ठरून जातो आणि ते शेवटपर्यंत बहुधा त्याच सडाला लागते. मी कित्येक दुपारी हे बघत बसलो आहे. दहा-बारा पिल्ले, प्रत्येकाची आपली जागा, सगळ्यांचे डोळे मिटलेले. पंक्तीत इतकी शिस्त मी माणसांच्या लग्नातही पाहिलेली नाही.

या दुधात अन्नापेक्षा अधिक काही असते. डुकरिणीची वार आईच्या रक्तातील प्रतिद्रव्ये पिल्लाकडे जाऊ देत नाही, त्यामुळे पिल्लू जवळजवळ निःशस्त्र जन्मते. पहिले संरक्षण चिकातून मिळते, आणि पुढे प्रत्येक पाजण्याबरोबर दुधातील आयजीए हे प्रतिद्रव्य आतड्याच्या आतल्या भिंतीवर लेपासारखे पसरत राहते. शिवाय दुधातील साखरेपासून जठरात लॅक्टिक आम्ल तयार होते. पिल्लाच्या जठराला स्वतःचे आम्ल पुरेसे बनवता येत नसते. ती उणीव हे आम्ल भरून काढते आणि बाहेरून आलेले जंतू तेथेच रोखले जातात.

मग एके दिवशी दूध तुटते. मोकळ्या रानात ही क्रिया तीन-चार महिने हळूहळू चालते. मोठ्या व्यापारी फार्ममध्ये ती २१ ते २८ दिवसांच्या वयात एका सकाळी उरकली जाते. आई जाते, ठरलेला सड जातो, अनोळखी पिल्लांशी मारामाऱ्या होतात आणि समोर येते कोरडे दाणेदार खाद्य, जे अन्न आहे हेच पिल्लाला ठाऊक नसते. साधारण निम्मी पिल्ले पहिल्या दिवसभरात तोंड लावतात. दहांतले एखादे दोन दिवसांनंतरही उपाशीच असते.

उपाशी आतडे लगेच झिजू लागते. लहान आतड्याच्या आतल्या पृष्ठभागावर बोटांसारखे असंख्य सूक्ष्म उंचवटे असतात. अन्न शोषण्याचे काम तेच करतात. त्यांना व्हिलाय म्हणतात. या पेशींना पोषण रक्तातून मिळते तसे आतड्यातून सरकणाऱ्या अन्नातूनही मिळते. अन्न थांबले की पहिल्या २४ तासांतच त्यांची उंची सुमारे तीन चतुर्थांशावर येते आणि पुढच्या काही दिवसांत आणखी घटते. मखमलीचा गालिचा घासून घासून गोणपाट व्हावा, तसे. पेशींमधले सांधे सैल होतात. त्यात दोन दिवसांनी भुकेलेले पिल्लू अचानक अधाशासारखे खाते. न पचलेली प्रथिने मोठ्या आतड्यापर्यंत पोचून तेथे कुजतात. दुधाचे आम्ल गेलेले असते, आईचा लेप पुसला गेलेला असतो, आणि पिल्लाची स्वतःची प्रतिकारशक्ती अजून काही आठवडे दूर असते.

या मोकळ्या घरात ई. कोलायचे काही वाण शिरतात. त्यांच्या अंगावर एफ-४ किंवा एफ-१८ नावाचे बारीक तंतू असतात. त्यांच्या साहाय्याने ते आतड्याच्या पेशींना चिकटतात आणि विष सोडतात. ते विष पेशी मारत नाही. ते पेशीचे नळ उघडे ठेवते. क्षार आणि पाणी शरीरातून आतड्यात वाहत राहते, आणि पिल्लू भरल्या भांड्याशेजारी कोरडे पडत जाते. सकाळी शेपटी ओली दिसलेले पिल्लू दुसऱ्या दिवशी डोळे खोल गेलेले मिळते. ज्याने हे एकदा पाहिले त्याला प्रतिजैविकाची पुडी का विकत घ्यावीशी वाटते, हे वेगळे समजावावे लागत नाही. शहरात बसून त्याला दोष देणे सोपे आहे.

त्या पुडीचा इतिहास लहानच आहे. १९५०च्या सुमारास अमेरिकेत लेडर्ली कंपनीतील थॉमस ज्यूक्स आणि रॉबर्ट स्टॉकस्टॅड यांना ऑरिओमायसिन या प्रतिजैविकाच्या निर्मितीतून उरलेला चोथा कोंबडीच्या पिल्लांना घातल्यावर ती अधिक वेगाने वाढताना दिसली. ते जीवनसत्त्व बी-१२ शोधत होते. हाती लागली वाढीची किल्ली. पुढच्या काही दशकांत प्रतिजैविकांचे लहान डोस रोजच्या खाद्यात मिसळणे ही जगभरची रीत झाली. रोग झाल्यावर औषध, हा क्रमच पुसला गेला. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अंदाजानुसार एक किलो प्राणी-वजनामागे वर्षाला वापरली जाणारी प्रतिजैविके गुरांत ४५, कोंबड्यांत १४८ आणि डुकरांत १७२ मिलिग्रॅम होती.

स्वीडनने ही रीत १९८६ साली मोडली. डेन्मार्कने नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस. डेन्मार्कचा अनुभव फार बोलका आहे : मोठ्या डुकरांना या मिश्रित डोसांची गरज नव्हतीच, हे लवकरच दिसून आले, पण दूध तोडलेल्या पिल्लांत हगवण वाढली आणि पशुवैद्यांना उपचारासाठी अधिक औषधे लिहून द्यावी लागली. म्हणजे अडचण नेमकी त्या पंधरवड्याची होती. युरोपीय संघाने १ जानेवारी २००६पासून वाढीसाठीची प्रतिजैविके बंद केली आणि बहुतेकांनी झिंक ऑक्साइडचा आधार घेतला. पिल्लाची जस्ताची गरज किलोभर खाद्यात सुमारे १०० मिलिग्रॅम. हगवण रोखण्यासाठी घातले जाई २,५०० ते ३,०००. ते शेणातून जमिनीत जाऊन साठते आणि प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जंतूंना अप्रत्यक्ष बळ देते, म्हणून जून २०२२मध्ये युरोपात तेही बंद झाले. वनस्पतींच्या अर्कांची बाजारपेठ आज एवढी गजबजली आहे त्यामागे प्राचीन ज्ञानाच्या पुनर्जन्मापेक्षा या दोन बंदींचा वाटा मोठा आहे.

आपल्याकडची तारीख २०१९ची. त्या वर्षीच्या जुलैमध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या जनावरांत, कुक्कुटपालनात, मत्स्यशेतीत आणि पशुखाद्यात कोलिस्टिनच्या वापरासाठीची निर्मिती, विक्री व वितरण यांवर बंदी घातली. हे नाव बातम्यांत आले तेव्हा माझ्यासाठी ते नवे नव्हते. दोन ठिकाणी मी ते वाचले होते.

पहिले ठिकाण पशुखाद्याच्या दुकानातील फडताळ. दुसरे, माझ्या धाकट्या काकांच्या अतिदक्षता विभागातील कागद. काकांना शस्त्रक्रियेनंतर जंतुसंसर्ग झाला होता, एकामागून एक औषधे निष्फळ ठरली होती, आणि त्या दिवशीच्या कागदावर नवीन नाव लिहिले होते. तरुण डॉक्टरांनी समजावून सांगितले : हे जुने औषध आहे, मूत्रपिंडांना अपाय करते म्हणून आम्ही ते जवळजवळ सोडून दिले होते, आता इतर काही चालेनासे झाले की पुन्हा काढावे लागते. मी मान डोलावली. ते औषध मी चांगलेच ओळखत होतो. पिल्लांच्या हगवणीसाठी पाण्यात कालवायच्या पुडीवर हेच नाव असे, सोबत गुबगुबीत डुकराचे रंगीत चित्र. काकू बाजूला जपमाळ घेऊन बसल्या होत्या. त्यांना मी हे चित्र सांगितले नाही. काका त्यातून उठले. मूत्रपिंडांना झळ लागली ती मात्र राहिली.

२०१५च्या अखेरीस चीनमधील संशोधकांनी एमसीआर-१ हे जनुक जाहीर केले होते. ते डुकरांतील ई. कोलायमध्ये सापडले. कोलिस्टिनला निष्प्रभ करणारे हे जनुक जंतूंच्या मुख्य गुणसूत्राबाहेरच्या एका सुट्या वर्तुळावर बसलेले असते, आणि एक जंतू ते दुसऱ्याला सहज देऊ शकतो. शेजारणीने विरजण द्यावे तसे. डुकराचे आतडे आणि काकांची खाट यांच्यामध्ये किती पायऱ्या होत्या, किंवा तेथपर्यंत वाट होती का, हे मी सांगू शकत नाही. पण एकच औषध दोन्हीकडे होते, आणि एकीकडे ते कोणी आजारी नसतानाही दिले जात होते, एवढे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

तेव्हा पर्याय हवाच आहे. याविषयी माझे दुमत नाही. प्रश्न ओवा तो पर्याय आहे का, हा आहे.

ओव्याचे तेल काढून थंड केले की त्यातून पांढरे स्फटिक वेगळे होतात. जुन्या काष्ठौषधींच्या दुकानात ते ‘ओव्याचे फूल’ म्हणून मिळतात. रसायनशास्त्रात त्याचे नाव थायमॉल. पहिल्या महायुद्धापूर्वी आपला ओवा थायमॉल काढण्यासाठी जर्मनीला जात असे, हे आज कोणाच्या ध्यानात नसेल. थायमॉल आणि त्याचा सख्खा भाऊ कार्व्हाक्रॉल हे जंतूच्या बाह्य पडद्यात घुसतात, तो पातळ करतात, पोटॅशियमचे आयन बाहेर झिरपू लागतात आणि जंतूची ऊर्जा संपते. लवंगेतील युजेनॉल आणि दालचिनीतील सिनामाल्डिहाइड हेही त्याच कुळातले. काचेच्या बशीत ही द्रव्ये ई. कोलायला मारतात, यात शंका नाही. बातम्यांतील ‘सिद्ध झाले’ हे शब्द बहुधा या बशीपाशीच थांबलेले असतात.

बशी आणि आतडे यांत फरक असा : पिल्लाने हे अर्क खाल्ले की जठर आणि लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग यांतच ते जवळजवळ पूर्ण शोषले जातात. ज्या पुढच्या भागात ई. कोलायची दाटी असते तेथे पोचते ते नगण्य. बशीत जंतू मारायला जेवढी मात्रा लागते तेवढी आतड्यात टिकवायची तर खाद्यात इतका अर्क घालावा लागेल की पिल्लू तोंडच लावणार नाही. डुकराचे नाक आणि जीभ भारी तिखट असतात. आणि या पंधरवड्यात पिल्लाने न खाणे हीच तर सर्व आजाराची सुरुवात. यावर उपाय म्हणून अर्काचे थेंब चरबीच्या सूक्ष्म कवचांत बंद करतात. कवच पुढे जाऊन विरघळते. ही युक्ती खरी आहे आणि चालते. मात्र ती स्वयंपाकघरातली उरत नाही. ओव्याची पूड कोंड्यात कालवणे आणि कवचातला थायमॉल देणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि एकीचा निष्कर्ष दुसरीच्या गोणीवर छापता येत नाही.

तरीही काही चाचण्यांत पिल्ले सुधारतात, वजन वाढते, विष्ठा घट्ट होते. मी ते नाकारत नाही. माझे मत असे की तेथे जंतू मारण्याचे काम मुख्य नसते. पाचक रस थोडे अधिक सुटतात, आतड्याच्या भिंतीचा दाह उतरतो, सैल झालेले सांधे आवळले जातात. हळदीतील कर्क्युमिन रक्तात फारच थोडे उतरते ही त्याची बदनामी. पण काम आतड्याच्या पृष्ठभागावरच असेल तर रक्तात न उतरणे हा दोष कशाला मानायचा? हिरडा, बाभूळ, डाळिंबाची साल यांतील टॅनिन थोड्या मात्रेत हगवण आवळतात, आणि मात्रा वाढली की प्रथिनांना बांधून पचनच बिघडवतात. सगळा खेळ मात्रेचा आहे. येथेच आपल्या बाजाराची लंगडी बाजू दिसते. मी हाताळलेल्या कितीतरी पाकिटांवर दहा-बारा वनस्पतींची नावे असतात, ऋषीचे नाही तर हिरव्या पानाचे चित्र असते, आणि सक्रिय द्रव्य किती टक्के हे कुठेच नसते. ओव्याच्या तेलातील थायमॉलचे प्रमाण जातीप्रमाणे, जमिनीप्रमाणे, काढणीप्रमाणे खूप बदलते. त्यामुळे यंदाच्या आणि गेल्या वर्षीच्या गोणीत एकच औषध आहे, असे छातीठोकपणे म्हणता येत नाही.

‘नैसर्गिक प्रतिजैविक’ या शब्दाला माझा आक्षेप आहे तो यासाठी. तो शब्द आपल्याला त्याच जुन्या सवयीत ठेवतो : रोज थोडे थोडे, सगळ्यांना, आजार असो वा नसो. फक्त पुडी बदललेली.

आता एक प्रयोग सांगतो. या विषयावर मी वाचलेल्यांत तो मला सर्वांत आवडला, आणि त्यात वनस्पतीचा वापर औषध म्हणून केलेलाच नाही. नेदरलँड्समधील वाखेनिंगन विद्यापीठाच्या संशोधकांनी गाभण डुकरिणींच्या खाद्यात शेवटच्या आठवड्यांत बडीशेपेसारख्या वासाच्या ॲनिसचा गंध मिसळला. खाद्यातले गंध गर्भजलात आणि पुढे दुधात उतरतात. २०१०च्या सुमारास त्यांनी जे प्रसिद्ध केले ते असे, की जन्मापूर्वी ज्यांना हा गंध भेटला होता ती पिल्ले दूध तुटल्यानंतर तो गंध असलेल्या वातावरणात अधिक खात होती, अधिक वाढत होती आणि त्यांच्यात हगवण कमी होती. जंतू मारणारे तेथे काही नव्हते. अनोळखी भांड्यात पिल्लाला आईचा वास आला, म्हणून ते जेवले. जेवले म्हणून आतडे झिजले नाही.

हे वाचले तेव्हा मला आमच्या घरातील बाळंतिणीची खोली आठवली. ओवा, बाळंतशेपा, बडीशेप, डिंक; शेगडीवरच्या ओव्याच्या धुरीने भरलेली खोली. ‘आईने खाल्ले की बाळाला लागते’ असे आजी म्हणे. ती पोटदुखीबद्दल बोलत असे. गंधाच्या स्मृतीबद्दल नाही. तिला विज्ञान आधीच ठाऊक होते, असा दावा मी करणार नाही. अशा दाव्यांनी आजींचे काही भले होत नाही, आणि विज्ञानाचेही नाही.

ईशान्येतील परिस्थिती युरोपच्या फार्मपेक्षा निराळी असल्याने या प्रयोगाचे मोल येथे अधिक आहे, असे मला वाटते. येथे भाताचा कोंडा, अळूची पाने, रताळ्याचे वेल, तांदळाच्या मद्याचा उरलेला चोथा असे सगळे मोठ्या पातेल्यात शिजवून घालतात. शिजवल्याने अळूची खाज जाते, पिठूळ भाग पचायला सोपा होतो आणि बरेच जंतूही मरतात. पिल्ले बहुधा सहा ते आठ आठवड्यांपर्यंत आईजवळ असतात. एकवीस दिवसांची घाई नसते. म्हणजे इथल्या पिल्लाकडे युरोपातल्या पिल्लापेक्षा चांगले भांडवल असते. मग ते आजारी का पडते? कारण त्याचे दूध तुटते, ते विकले जाते, टोपलीत बसून बाजार गाठते आणि नव्या घरी नवे अन्न बघते, हे सगळे एकाच दिवशी. वाढवणारे घर वेगळे, विकत घेणारे वेगळे. हगवण लागते ती दुसऱ्या घरी, तिसऱ्या-चौथ्या दिवशी. विकणाऱ्याला त्याची खबरही नसते आणि घेणारा धावत दुकानात जातो.

२०२०मध्ये आफ्रिकी वराह-ज्वर आसाम-अरुणाचलातून देशात शिरल्यापासून ही धावपळ अधिक भेदरलेली झाली आहे. त्या विषाणूवर ना प्रतिजैविक चालते ना ओवा. पण पिल्लू मलूल दिसले की मालकिणीच्या मनात पहिली भीती तीच येते, आणि भ्यालेला माणूस फडताळावरचे सगळे घेतो. त्या काळात वराहपालकांना मी एकच गोष्ट पुनःपुन्हा सांगत असे : खरकटे उकळल्याशिवाय घालू नका. हा सल्ला कोणी पाकिटात भरून विकत नाही.

माझ्याकडे आता कोणी ‘कोणते हर्बल पूरक चांगले’ असे विचारले तर मी आधी उलट प्रश्न विचारतो. दूध कोणत्या दिवशी तोडले? पाणी कुठून येते? पहिल्या आठवड्यात खाद्य कोरडे देता की ओले? प्रथिने थोडी कमी करून पाहिलीत का? आईला ई. कोलायची लस गाभणपणी मिळाली होती का? या उत्तरांत बहुधा निम्मी हगवण सापडते. उरलेल्यासाठी कवचातला थायमॉल, पाकिटावर टक्केवारी असेल तर, जरूर द्यावा. दोन आठवडे द्यावा आणि थांबवावा. आणि पिल्लू खरोखरच जंतुसंसर्गाने आजारी असेल तर पशुवैद्याने सांगितलेले प्रतिजैविक पूर्ण मात्रेत द्यावे. वनस्पतीच्या प्रेमापोटी आजारी जीवाला तडफडत ठेवणे मला मान्य नाही.

सध्या री-भोई जिल्ह्यातील एका घरी आम्ही एक साधी गोष्ट करून बघतो आहोत. तिला प्रयोग म्हणण्याचे धाडस करू नये. एकच मादी, तुलनेला कोणी नाही. घरमालकीण कॉंग (खासी बोलीत थोरल्या बहिणीला, आणि आदराने कोणत्याही बाईंना, कॉंग म्हणतात) आपल्या गाभण डुकरिणीच्या पातेल्यात रोज मूठभर भरडलेली बडीशेप टाकतात. डुकरिणीचा गाभणकाळ तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस. पैकी तीन आठवडे उरले तेव्हा आम्ही सुरुवात केली. कॉंगना मी सांगितले की पिल्ले विकताना प्रत्येकाबरोबर आपल्या घरच्या कोंड्याचे, बडीशेप मिसळलेले एक गाठोडे द्या; नव्या घरी पहिले आठ दिवस तेच खाऊ दे. मराठीत आम्ही याला शिदोरी म्हणतो, हेही सांगितले.

कॉंगनी पातेले ढवळता ढवळता विचार केला. मग विचारले, बडीशेपेचे पैसे कोण देणार? मी म्हणालो, या वेळचे मी देतो. त्यांनी बोटांवर हिशेब केला, पिल्ले किती होतील याचा अंदाज बांधला, आणि म्हणाल्या की तसे नको, पुढच्या वेळी अडचण होईल. गाठोड्याची किंमत त्या पिल्लाच्या किमतीतच धरतील, आणि ज्याला गाठोडे नको असेल त्याला पिल्लू विकणार नाहीत.